जुन्या बाइकचं कार्ब रिपेअर किट: रबर घ्या, पितळ राहू द्या

कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्याचं बिनकंपनीचं किट उघडलं की आत साधारण हेच निघतं: बाउलचं (खालच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट, तीन-चार ओ-रिंग, फ्लोट नीडल (तरंगत्या फ्लोटबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल चालू-बंद करणारी सुई), मेन जेट, स्लो जेट (दोन्ही पेट्रोल मोजून सोडणारे, बारीक भोकाचे पितळी तुकडे), मिक्स्चर स्क्रू (आयडलिंगचं, म्हणजे उभ्या गाडीच्या मंद चालीचं, मिश्रण जमवणारा). पैसे वसूल होतात ते रबरात.

जेटवरचा आकडा जुळला म्हणजे भोक जुळलं असं नाही. केहिन आणि मिकुनी या कार्ब बनवणाऱ्या कंपन्या: केहिनचा आकडा भोकाच्या व्यासावरून, मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा प्रवाहावरून. किटवाल्याने कुठला धरला ते पाकिटावर नसतं. मूळ जेट सहसा झिजलेला नसतो, चोंदलेला असतो. क्लीनरमध्ये भिजवा, तांब्याची बारीक तार फिरवा, हवा मारा, उजेडाकडे धरून बघा. स्टीलची तार घातलीत तर भोक मोठं होईल.

नीडलचं टोक रबरी हवं आणि मागची बारीक पिन दाबली की चटकन वर यायला हवी. या किटांत ती अडकलेली सापडते. अशी नीडल बसवूच नका. नवी नीडल टाकूनही ओव्हरफ्लो थांबत नसेल तर सीट (नीडल टेकते ती जागा) बघा, मग फ्लोट. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की चिरेतून बुडबुडे येतात. डाग देताना कथील बेताचं वापरा, कारण जड फ्लोट खाली बसतो आणि पेट्रोलची पातळी चढते.

ओ-रिंग इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी फुगून खाचेत बसली नाही तर फेकून द्या. विटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) असेल तर बहुतेक टिकते.

मिक्स्चर स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वायसर, मग ओ-रिंग. जुनी ओ-रिंग भोकाच्या तळाशी चिकटून राहते, तिच्यावरच नवी बसते आणि स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग लागत नाही. मग शिव्या किटला! वाकवलेल्या तारेने ती आधी ओढून काढा. स्क्रू हलक्या हाताने टेकवून दीड फेरा उघडा, तिथून पुढे जमवा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर लीन (पेट्रोल कमी).

किटमधलं गॅस्केट ठीकठाक असतं. एवढं करूनही गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत किक मारा. लगेच सुरू झाली तर कार्ब पुन्हा खोलू नका, झाकणातलं हवेचं भोक साफ करा.