वादळात उडालेली छपरे आणि चर्चचे स्वयंसेवक : एका सेवेचा अनुभव

मे महिन्यातील अवकाळी वादळाने जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील आमच्या गावाची पुरती वाताहत केली. आंबे बहाराची मोसंबी गळून पडली, विजेचे खांब आडवे झाले आणि वस्तीवरील बहुतेक घरांचे पत्रे उडाले. अशा वेळी जालन्याहून आलेल्या एका चर्चच्या स्वयंसेवकांनी घरदुरुस्तीचे जे काम केले, त्याची इतर गावांना नीट माहिती असावी, म्हणून हे लिहीत आहे.

मदत घेऊन इतरही गाड्या आल्या. चादरी आणि बिस्किटे वाटली, फोटो काढले आणि गाडी पुढच्या गावाला गेली. या मंडळींनी मात्र आल्या आल्या एकाही पत्र्याला हात लावला नाही. प्रत्येक घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ते घरधन्याच्या मोबाइलवर पाठवले आणि तलाठ्यांचा पंचनामा होईपर्यंत फक्त ताडपत्री बांधून दिली. अंशतः पडझड किमान १५ टक्के असेल तरच घर सरकारी निकषात बसते, आणि घाईने दुरुस्ती केली की पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही. २०२२ च्या निकषांप्रमाणे कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्या घराला ६,५०० रुपये ही रक्कम फार नाही, पण ज्याचे वर्षाचे धान्य भिजले आहे, त्याने ती का सोडावी?

खरी पारख छपराच्या कामात झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरे आणि त्यांची जड माळवदे (मातीची सपाट छपरे) माणसांवर कोसळली. त्या धास्तीने मराठवाड्यात अनेकांनी माळवद उतरवून पत्रे टाकले, परंतु ते पुष्कळदा नुसते दगड ठेवून दाबलेले असतात. वारा वळचणीखाली शिरला की पत्रा खालून उचलला जातो आणि वरचा दगड आत झोपलेल्यांच्या अंगावर येतो. स्वयंसेवकांनी हे दगड सगळे उतरवायला लावले. भिंतीत लोखंडी अँगल पक्के बसवून, प्रत्येक पत्रा जे-हुक (इंग्रजी J सारखा वाकवलेला बोल्ट) आणि वायसर लावून आवळला. कडेला आणि कोपऱ्यांवर, जिथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, तिथे हुक जवळजवळ घेतले आणि फार बाहेर आलेली वळचण कापून कमी केली. गावातल्याच गवंड्याला आणि वेल्डरला रोजची मजुरी देऊन सोबत घेतले, त्यामुळे हे कसब आता गावात राहिले आहे. माझ्या मते त्यांच्या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

ही माणसे धर्मप्रचारासाठी तर आली नाहीत ना, हा प्रश्न गावात उघडपणे विचारला गेला, आणि तो विचारण्यात काही गैर नव्हते. जालना भागाला ख्रिस्ती वस्ती नवी नाही. जालन्याजवळचे बेथेल हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच वसवले. तरीही शंका होती. सकाळी कामाला लागण्यापूर्वी ते आपापसांत प्रार्थना करीत. त्यासाठी त्यांनी कोणाला बोलावले नाही, पत्रक वाटले नाही आणि घरावर आपल्या नावाची पाटीही लावली नाही. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि शिधा स्वतःचा. कामाचा क्रम त्यांनी अंगणवाडीताई आणि आशाताईंना विचारून ठरवला, म्हणून एकल महिलांची घरे आधी झाली. पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून यादी झाली असती, तर हीच घरे शेवटी राहिली असती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. घरांची पाहणी भर दिवसा झाल्यामुळे मजुरीला गेलेली कुटुंबे पहिल्या यादीतून सुटली आणि त्यांना नंतर मागे लागावे लागले. काही पत्रे पातळ निघाले. गारपीट झाली तर ते टिकतील असे मला वाटत नाही. गोठ्यांचे काम त्यांनी घेतले नाही. साहित्य मर्यादित असल्याचे कारण मला पटते, परंतु ज्याचे पोट दोन म्हशींवर आहे, त्याचे घर गोठ्याशिवाय पूर्ण होत नाही.

अशा स्वयंसेवकांना बोलावणाऱ्या गावाने पाहणी संध्याकाळी, माणसे घरी असताना ठेवावी, पत्र्याची जाडी साहित्य येण्यापूर्वीच विचारून घ्यावी आणि गोठ्यांची वेगळी यादी पहिल्याच बैठकीत त्यांच्यापुढे मांडावी.