भावना-कार्डांचा संच: घ्यावा, पण चोवीसही एकदम काढू नये

जळगाव-धुळ्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा हा चोवीस कार्डांचा संच, वय 3 ते 8. कार्डांवर भावनांचे चेहरे, ते बघून मुलानं भावना ओळखून तिचं नाव सांगायचं. चित्रं ठसठशीत आहेत. कागद मात्र पातळ. लॅमिनेशन करून घ्या, नाहीतर कोपरे लगेच दुमडतात.

सुरुवात चारच कार्डांनी करावी: आनंद, दुःख, राग, भीती. मूल शांत असताना, जेवणानंतर वगैरे, पाचेक मिनिटं पुरे. ऐन आकांडतांडवात कार्ड पुढे केलं की ते फाटणारच. तेव्हा मूल ऐकण्याच्या स्थितीत नसतं. आधी जवळ घ्या, भावनेचं नाव नंतर. नावासोबत कारणही बोला: ‘पोळ्याचा बैल एकदम जवळ आला म्हणून भीती वाटली का?’ घरात अहिराणी असेल तर ‘काय व्हयनं रे?’ असंच विचारा, पुस्तकी मराठीची सक्ती नको.

खोट दोन ठिकाणी. ‘लाज’ आणि ‘दुःख’ यांचे चेहरे जवळपास सारखे, मुलं हमखास गोंधळतात. आणि राग थोडा की फार, हे दाखवायला काहीच नाही. पुठ्ठ्यावर 1 ते 5 आकड्यांची पट्टी आखून चिमटा सरकवायला द्या. ‘रडू नको, मुलगा ना तू’ म्हणणाऱ्या घरात मात्र संच कपाटातच राहील.