ऐरोलीची फ्लेमिंगो फेरी: वार नको, तिथी बघा

नवी मुंबईतल्या ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र 2017 मध्ये सुरू झालं. ते वनविभागाचा कांदळवन कक्ष चालवतो. माहितीचं दालन, कांदळवनातली पायवाट आणि ठाणे खाडीतली बोटफेरी असे तीन भाग आहेत. लोक येतात ते तिसऱ्यासाठी. फेरी पैसे वसूल आहे, पण तारीख बरोबर निवडली तरच. 'पक्षी लांबच होते' ही तक्रार बहुतेक वेळा बोटीची किंवा गाईडची नसते. ती पाण्याची असते.

पूर्ण भरतीला चिखलाचे पट्टे बुडतात, रोहित पक्ष्यांना (म्हणजे फ्लेमिंगोंना) खायला जागा उरत नाही आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला चिखल भरपूर उघडा पडतो, पण मग बोटीखाली पाणी राहत नाही. हवा तो मधला काळ: भरती पूर्ण झाल्यानंतर दोन-अडीच तासांनी. पाणी उतरत असतं, चिखलाच्या कडा नुकत्याच वर आलेल्या असतात आणि पक्षी पाण्याच्या रेषेबरोबर बोटीकडे सरकत येतात.

ही वेळ काढायला कोळ्यांचा हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपासची फेरी धरा. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, तेव्हा चारची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच, आणि मुंबई बंदराच्या तक्त्यापेक्षा खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं-उतरतं आणि चिखल अर्धवटच उघडा पडतो, म्हणून ते दोन-तीन दिवस टाळलेले बरे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उलटी अडचण येते. ओहोटी इतकी जोरात ओढते की फेरी आवरती घ्यावी लागू शकते. केंद्रही फेऱ्यांच्या वेळा पाण्यावरूनच ठरवतं, त्यामुळे आधी चौकशी करा आणि मिळेल ती वेळ घेण्याऐवजी हवी ती मागा.

बोटीत बसल्यावर आधी चोच बघा. मोठा रोहित उंच आणि फिकट, चोच गुलाबी, टोक काळं. छोटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच काळपट लाल. इथे संख्या छोट्याचीच जास्त. डोकं उलटं करून तो चोचीतल्या बारीक गाळणीतून पाणी ढकलतो आणि सूक्ष्म शैवाल टिपतो. मोठा गाळातले किडे-कोळंब्याही खातो. हे शैवाल एवढं माजतं त्यात शहराच्या सांडपाण्याचा मोठा हात आहे. गाईडला याबद्दल जरूर विचारा. गुलाबी थवे म्हणजे स्वच्छ खाडी, असा समज घेऊन माणसं उतरली तर फेरी फुकट गेली. बाकी 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्या. त्याहून जास्त मोठं करून दाखवणारी हलत्या बोटीत निरुपयोगी.

आणि पायवाट वगळू नका. शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे. इथलं मुख्य झाड तिवर. त्याच्या पानाची मागची बाजू उन्हात धरा, मिठाचे कण चमकतात. जिभेला लावलं तर खारट लागतात. मुळांतून शिरलेलं मीठ झाड पानातल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं. खाली पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळं दिसतील, कारण चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू संपतो. कुजक्या अंड्यांचा वास त्याचाच. लोक नाकाला रुमाल लावतात आणि 'प्रदूषण' म्हणतात, पण तो वास निरोगी कांदळवनातही येतो. निवट्या (चिखलावर उड्या मारत फिरणारे मासे) आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे बघायचे तर पाच मिनिटं एका जागी गप्प उभं राहायला हवं. चाळीस मुलांची रांग धडधडत गेली की सगळं बिळात. दहा-दहाचे गट करा.

शाळेची सहल असेल तर खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर सोबत न्या. आधी शुद्ध पाण्याच्या दोन-तीन थेंबांवर शून्य लावा, मग खाडीचं पाणी घाला, अर्धा मिनिट थांबा आणि वाचा. पाणी गढूळ असतं, रेषा पुसट दिसते, म्हणून नमुना आधी फडक्यातून गाळा. भरतीला आणि ओहोटीला मोजून मोठा फरक दिसेल अशी अपेक्षा मात्र फेब्रुवारीत ठेवू नका. या खाडीत कोरड्या ऋतूत गोडं पाणी फार थोडं येतं. समुद्राचा खारटपणा हजारी 35 च्या आसपास असतो. खाडीचा आकडा त्यापासून ठळकपणे घसरतो तो पावसाळ्यात.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. फेऱ्यांचा हंगाम पक्ष्यांचा, साधारण नोव्हेंबर ते मे. म्हणजे गोडं आणि खारं पाणी खरोखर मिसळतं तेव्हाच प्रेक्षक नसतात. 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळालेल्या खाडीचा कार्यक्रम एका पक्ष्यावर एवढा टेकून राहू नये. जुलैमध्ये निदान पायवाटेवरचा एखादा वर्ग हवा.

पक्ष्यांचं आकर्षण नसेल आणि झाडंच बघायची असतील, तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली स्वामिनी बचत गटाची कांदळवन सफर जास्त आवडेल. होडी बायकाच वल्हवतात, इंजिनाचा आवाज नाही, झाडं हाताच्या अंतरावर. कांदळाची कमानीसारखी आधारमुळं आणि झाडावरच रुजून लोंबणाऱ्या शेंगा तिथे नीट बघता येतात. तिथेही ओहोटीचं पाणी सांभाळावं लागतं, तेव्हा वेळ त्यांनाच विचारून ठरवा.