गेममधलं ऑर्केस्ट्रा संगीत: खेळत ऐकावं, अल्बम लावावा की मैफल पाहावी?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या माणसाला सिम्फनी ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकायचा तर मुंबई गाठावी लागते. एनसीपीए या कलासंस्थेचा ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ २००६ पासून तिथे वाजवतो आहे, पण ते अंतर रात्रभराच्या रेल्वे प्रवासाचं. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या कानावर व्हायोलिनांचा ताफा, फ्रेंच हॉर्न आणि मोठा कोरस पहिल्यांदा पडतो तो गेम खेळताना. मग एखादा विचारतोच, हे नीट ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? वाटा तीन आहेत आणि तिन्हींवर हाती लागणारी गोष्ट वेगळी आहे.

आधी खेळत ऐकण्याबद्दल, कारण या संगीताचा जन्मच तिथला. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती वेळाचा आहे ते माहीत असतं. गेमच्या संगीतकाराला ते कधीच कळत नाही. एक जण पूल धावत ओलांडतो, दुसरा पुलावरच थांबून नदी बघत बसतो. म्हणून रचनेचा शेवट तिच्या सुरुवातीला असा जोडतात की सांधा कळू नये. पुष्कळदा एकाच चालीचे थर वेगवेगळे करून ठेवतात. शांत चाललात तर नुसती तंतुवाद्यं, आणि शत्रू दिसला की त्याच लयीत खालून ड्रम आणि ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) वर येतात. लुकासआर्ट्स कंपनीने १९९१ मध्येच ‘आयम्यूज’ नावाची प्रणाली वापरून एका दृश्याचं संगीत दुसऱ्यात अलगद मिसळून दाखवलं होतं. ‘सुपर मारिओ गॅलेक्सी’त (२००७) तर चेंडूवर तोल सांभाळत घरंगळत जायचा एक टप्पा आहे. चेंडूचा वेग वाढला की संगीताची लय चढते, सावरून घेतलं की उतरते. हा आनंद अल्बममध्ये मिळूच शकत नाही, तिथे चेंडूच नाही.

या वाटेवरून जायचं असेल तर माझं मत ‘जर्नी’ला (२०१२). ऑस्टिन विंटोरी यांचं संगीत, टीना गुओ यांचा चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य), आणि ऑर्केस्ट्रा उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोपियेचा. वाळवंटात एक झगाधारी प्रवासी दूरच्या डोंगराकडे निघतो. संवाद एकही नाही. तुमच्या प्रवाशाची सोबत चेलो करतो: सुरुवातीला एकटा, नंतर त्याच्याभोवती बाकीची वाद्यं हळूहळू जमत जातात, आणि बर्फाच्या चढावर पाय जड झाले की तीही विरळ होतात. दोनेक तासांत गेम संपतो, म्हणजे एका रविवारच्या दुपारीच. गेमच्या संगीताला ग्रॅमी या संगीत पुरस्कारांत सिनेमा-मालिकांच्या बरोबरीने नामांकन मिळालं ते पहिल्यांदा याच रचनेला. अडचण यंत्राची. कॉम्प्युटर, प्लेस्टेशन किंवा आयफोन हवा, अँड्रॉइडवर हा गेम नाही. शिवाय मध्येच लाइट गेली की चढत आलेली रचना तिथेच तुटते, हे आपल्याकडे धरूनच चालावं लागतं.

अल्बम सगळ्यात सोपा आणि स्वस्त. चांगल्या दर्जाला, म्हणजे ३२० केबीपीएसला, तासाभराचं संगीत सुमारे १४४ एमबी डेटा घेतं. तेवढ्याच वेळाच्या फुल एचडी व्हिडिओला त्याच्या दहापट तरी लागतो. पण अल्बम निवडताना एक बघावं: गेममधलंच मूळ ध्वनिमुद्रण आहे की पुन्हा बसवलेलं? ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं (१९८६) उदाहरण घ्या. तो ज्यावर चालायचा त्या फॅमिकॉम या गेमच्या यंत्राकडे आवाजाच्या वाटा पाचच होत्या, आणि त्यातही सूर धरणाऱ्या तीन. कोइची सुगियामा यांनी तेवढ्यात चाली बसवल्या आणि नंतर त्याच चाली पूर्ण ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या. टोकियोत त्यांच्या मैफलीही १९८७ मध्येच सुरू झाल्या. दोन्ही रूपं लागोपाठ ऐकली की चाल किती भक्कम आहे ते कळतं, कारण नुसत्या तीन वाटांवरही ती उभी राहते. जपानी गेमच्या चाली आपल्या कानाला लवकर जवळच्या वाटतात याचं कारणही मला हेच दिसतं. वाद्यांच्या गर्दीआधी तिथे गुणगुणता येईल अशी चाल असते.

गेमच्या मूळ अल्बममध्ये मात्र तोच तुकडा दोनदा वाजवून आवाज हळूहळू कमी करत नेण्याची सवय फार. गेममध्ये ज्याला शेवट नव्हता त्याला असा उसना शेवट दिलेला मला खटकतो. गेम आधी खेळलेला असेल तर आठवणी मदतीला येतात आणि अल्बम गोड लागतो. न खेळलेल्याला तो दहाव्या मिनिटाला कंटाळवाणा होऊ शकतो.

म्हणून गेमशी काही संबंध नसलेल्यांनी मैफलीच्या चित्रफितीपासून सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन. लग्नाच्या बँडमध्ये वर्षानुवर्षं क्लॅरिनेट वाजवलेल्या अमळनेरच्या एका काकांना मी अशीच एक मैफल दाखवली. त्यांनी आधी विचारलं, “हाई गानं कोनता पिक्चरनं शे?” नंतर त्यांची नजर ट्रम्पेटवाल्यांवरून हलेना. एका लांब सुराच्या मध्यावर एकाने वाद्य ओठांवरून काढलं, शेजाऱ्याने सूर धरून ठेवला, आणि पहिला परत आत शिरला. ऐकणाऱ्याला खंड कळला नाही. काका पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “देख, आठे दम लिधा त्यानी.” म्हणजे, बघ, इथे श्वास घेतला त्याने. कोण कधी वाजवतं, कोण थांबून मोजतं, कोरस उभा कधी राहतो, हे दिसलं की अनोळखी वाद्यंही लवकर ओळखीची होतात.

पहिली रचना कोणती? ‘सिव्हिलायझेशन ४’ची (२००५) ‘बाबा येतू’. ख्रिस्तोफर टिन यांनी ख्रिस्ती प्रार्थनेच्या स्वाहिली शब्दांना दिलेली ही चाल आहे. २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळाला, गेमसाठी केलेल्या रचनेला मिळालेला पहिलाच. चारेक मिनिटांत संपते आणि कोरसची ताकद पुरती कळते. त्यानंतर नोबुओ उएमात्सु यांच्या ‘फायनल फँटसी’च्या रचना घ्याव्यात. ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ हा त्यांच्या मैफलींचा दौरा २००७ पासून देशोदेशी फिरतो आहे. सहा मिनिटांत चार गेमचे तुकडे उरकणाऱ्या मेडली मात्र टाळाव्यात. टाळ्या पडतात, पण एकही चाल फुलत नाही.

आता ऐकण्याच्या जागेबद्दल, कारण मे महिन्यात आपल्याकडे हाच खरा प्रश्न होतो. ऑर्केस्ट्रात कुजबुजीइतका हळू आणि छतापर्यंत जाणारा, असे दोन्ही आवाज एकाच रचनेत येतात. खोलीत कूलर घोंघावत असला की हळू भाग बुडतो, मग आपण आवाज वाढवतो आणि ब्रास आली की कान फाटतात. ब्लूटूथचा छोटा स्पीकर इथे कामाचा नाही, डबल बास, म्हणजे सगळ्यात खर्जातलं तंतुवाद्य, त्यात ऐकूच येत नाही. कानात घट्ट बसणारा साधा वायरचा इअरफोन घ्या आणि पहाटे, कूलर सुरू व्हायच्या आत ऐका.

घरात कीबोर्ड किंवा हार्मोनियम शिकणारं पोर असेल तर त्याच्यासाठी अल्बमच बरा, कारण एकच ओळ मागे घेऊन पुन्हा पुन्हा ऐकता येते. कॉलेजच्या मित्रमंडळींना दाखवायचं असेल तर मैफल आणि हॉलमधले मोठे स्पीकर. हातात कॉम्प्युटर आहे, पण गेम एकच घ्यायचा आहे, तर ‘जर्नी’ घ्या आणि तो संपेपर्यंत त्याचा अल्बम उघडू नका.