फ्रेमवर्क लॅपटॉप : पेचकस हातात, पार्ट परदेशात

फ्रेमवर्क म्हणजे घरच्या घरी उघडून पार्ट बदलता येतील असे लॅपटॉप बनवणारी कंपनी. गोव्यात, फोंड्यात राहून तिचा फ्रेमवर्क १३ (एएमडीच्या रायझन ७०४० प्रोसेसरवाला) वापरतोय, त्याला आता अख्खा पावसाळा उलटला. लंडनचा मावसभाऊ सुट्टीला येताना घेऊन आला. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप बिनशुल्क आणता येतो, त्यामुळे कस्टमची कटकट झाली नाही.

आधीच्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच पक्की होती. कंपनी कुठली ते जाऊ दे. रॅम गेली तेव्हा अख्खा मदरबोर्ड बदला म्हणाले. म्हणून पार्ट सुटे बदलता येणाऱ्या लॅपटॉपचा हा हट्ट.

उघडायला खालचे पाच स्क्रू सैल करायचे. ते सुटून हातात येत नाहीत, म्हणजे पलंगाखाली शोधायला नकोत. मग लॅपटॉप सरळ करून कीबोर्डचा भाग उचलायचा. तो चुंबकावर बसलेला असतो. हिसका मात्र देऊ नका, टचपॅडची चपटी केबल खाली बोर्डाला जोडलेली असते. पेचकस बॉक्समध्येच मिळतो आणि आत जवळजवळ प्रत्येक भागावर क्यूआर कोड असतो. आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा गणेशचवथीनंतर एकदा उघडून पंखा पुसून घेतला. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

रॅम वाढवली ती पणजीच्या दुकानातून. साधी लॅपटॉपची डीडीआर५ पट्टी चालते, एसएसडी (फायली साठवायची पट्टी) हीही नेहमीची, एम.२ प्रकारची.

कडेच्या चार खाचांत हवे ते पोर्ट घालता येतात. नाटकाच्या तालमीत प्रोजेक्टर लावायचा असला की यूएसबी-ए काढून एचडीएमआय घालतो. या मॉडेलमध्ये चारही खाचा सारख्या नाहीत, हे लक्षात ठेवा : पुढच्या दोनपैकी एकीतून चित्र जात नाही. डिस्प्लेसाठी सरळ मागच्या वापराव्या.

२०२१ च्या पहिल्या मॉडेलच्या सांगाड्यात नंतरचे मदरबोर्डही बसतात, याचं कौतुक फार होतं. मला त्याचं तेवढं नाही. नुसत्या बोर्डाच्या पैशांत इथे एक बरा लॅपटॉप येतो.

खरी गोची निराळी. रॅम-एसएसडी कुठेही मिळेल, पण कीबोर्ड, स्क्रीन, बिजागरी, बॅटरी ही फ्रेमवर्कचीच लागते आणि म्हापशाच्या बाजारात ती मिळायची नाही. परदेशात आपलं कोणी नसेल, तर आधी त्याचा विचार करा. उघडायला सोपा एवढ्यावर घेऊ नका.

माझा दिवसभर चार्जरवरच असतो, म्हणून बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवलीय. तरी एक जादा बॅटरी मागवून ठेवणार आहे. भावाला सांगून ठेवलंय : सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच आणायची. १०० वॅट-अवरपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही, आणि ही ६१ चीच आहे.