दहा लिटरचा फवारणी ड्रोन: तुरीत पास, सुट्या भागांत नापास

भाड्याने येणारा हा १० लिटर टाकीचा, सहा पंखांचा ड्रोन खरा कामी येतो तो तुरीत. फुलावर आलेली तूर डोक्याला लागते. तीत पाठीवरचा पंप घेऊन शिरलं की निम्मं औषध आपल्याच तोंडावर येतं. यवतमाळची २०१७ ची विषबाधा कोणी विसरलेलं नाही. ड्रोन एका टाकीत साधारण एकरभर वावर ६ ते ८ मिनिटांत उरकतो. उंची शेंड्यापासून दोन-अडीच मीटरच हवी. चालक घाईत वर नेतो आणि वाऱ्यावर औषध धुरा ओलांडून जातं.

पऱ्हाटीत (कपाशीत) मात्र गुण कापावे लागतात. एकरी १० लिटर पाण्यात पानाखालची पांढरी माशी, तुडतुडे नीट भिजत नाहीत. भुकटीचं औषध फडक्यातून गाळूनच टाकीत ओता. एखादं नोझल तुंबलं तरी उडताना कळत नाही, चार दिवसांनी पिकात कोरडा पट्टा दिसतो. गरम बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर फुगते. फुगलेली बॅटरी लावून ड्रोन आपल्या वावरावर उडवू देऊ नका.

खरी अडचण मोटर किंवा फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू, जळाल्यावर. ऐन हंगामात ड्रोन घरी बसतो, आणि त्याचं कारण गावापासून फार लांब आहे. भारताने ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मोकळे ठेवले. म्हणून सांगाडा इथला, आतडी बरेचदा चिनी. तिकडे युक्रेनने शेतीच्या ड्रोनसारखेच जड ड्रोन रात्री बॉम्ब टाकायला जुंपले. रशियन सैनिक त्यांना ‘बाबा यागा’ (लोककथेतली चेटकीण) म्हणतात. असा लष्करी वापर रोखायचं कारण देत चीनने सप्टेंबर २०२३ पासून काही ड्रोन आणि भागांच्या निर्यातीवर बंधनं आणली. आपल्या संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भागांपायीच ४०० मालवाहू ड्रोनचे करार रद्द केले. सैन्यासाठी हे बरोबरच, शत्रूच्या मेंदूवर उडणारं यंत्र सीमेवर कशाला? पण देशी मोटर-कंट्रोलर मुबलक होईस्तोवर फवारणीवाल्याला भागाची वाट पाहावीच लागणार.

पुलगावचा दारूगोळा डेपो, भद्रावती किंवा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा आयुध कारखाना, यांच्या आसपास वावर असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन पाहा. रेड झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. इसार देण्याआधी चालकाचं रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि जोडीला शिल्लक मोटर आहे का, हे विचारा.