पाच दिवस बादली-दोराचे : वणवा विझवायचं ट्रेनिंग

हेलिकॉप्टरखाली बादली लटकवून आगीवर पाणी टाकायला शिकवणारा पाच दिवसांचा कोर्स नुकताच केला. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते.

पहिले दोन दिवस पाणी नाहीच. शंभर फुटी दोराला काँक्रीटचा ठोकळा, आणि तो जमिनीवरच्या टायरमध्ये अलगद ठेवायचा. बाहेर वाकून सरळ खाली बघत उडवायचं, त्यामुळे नजरेला क्षितिजाचा आधार नाही. ठोकळा डुलायला लागला की मी त्याच्यामागे धावायचे आणि झोका आणखी वाढायचा. सर एवढंच म्हणाले, "तो टोकाला पोचेल तेव्हा तू त्याच्या डोक्यावर अस." चौथ्या प्रयत्नात जमलं, तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं!

तिसऱ्या दिवशी तळं. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. बादली पाण्याबाहेर येताना टॉर्कचा (इंजिनावर किती जोर पडतोय ते दाखवणारा) काटा कसा चढतो, ते पुस्तकात वाचून कळत नाही. दुपारी हवा तापून विरळ होते, उचल कमी मिळते, म्हणून बादलीचा पट्टा आवळून ती कमी भरायची. पाणी सोडलं की मशीन वर उसळतं. हात आधीच तयार हवा.

एक तक्रार आहे. व्होर्टेक्स रिंगवर, म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत सापडून झपाट्याने खाली जातं त्यावर, जेमतेम अर्धा तास दिला. भरलेली बादली, पाठीमागून वारा आणि कमी वेगात खाली येणं, धोका नेमका तिथेच असतो. त्याला अख्खी दुपार हवी होती.

जाणार असाल तर हॉवर (हवेत एका जागी स्थिर राहणं) पक्का करून जा. मानेचे व्यायाम आजच सुरू करा.